गोगलगायीवर औषध कधी चालतं आणि कधी वाया जातं

सोयाबीन उगवून आठवडा झालेला असतो. सकाळी पाहावं तर बांधाकडच्या चार-सहा ओळींतली दलपत्रं खुडून गेलेली, मातीवर चंदेरी चिकट रेघा उमटलेल्या. मग दुकानातून अळीसाठी असतं तेच औषध आणलं जातं आणि भर दुपारी पंप पाठीवर घेऊन फवारणी होते. दुसऱ्या दिवशी गोगलगायी शंखात ओढून बसलेल्या दिसतात, त्यामुळे काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. तिसऱ्या रात्री त्याच गोगलगायी पुढच्या ओळींवर असतात.

2022 च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हे मोठ्या प्रमाणावर घडलं. कित्येकांना दुबार, काहींना तिबार पेरणी करावी लागली. त्या हंगामात मारलेल्या फवाऱ्यांपैकी बरेचसे अशा औषधांचे होते ज्यांचा गोगलगायीवर नीट परिणामच होत नाही. औषध तिच्या शरीरात काय करतं हे एकदा कळलं की ते कधी टाकायचं, किती टाकायचं आणि कधी हात आखडता घ्यायचा, याचा हिशेब आपोआप बसतो. म्हणून आधी तिचं शरीर पाहू.

आपण कोणाशी लढतोय

आपल्याकडे पिकं खाणारी मुख्य जात म्हणजे मोठी आफ्रिकी शंखी गोगलगाय. मूळ पूर्व आफ्रिकेतली. 1847 मध्ये विल्यम बेन्सन या शंख-संग्राहकाने मॉरिशसहून दोन जिवंत गोगलगायी कोलकात्याला आणल्या आणि तिथल्या एका बागेत त्या सुटल्या. भारतातला तिचा प्रसार तिथून सुरू झाला. तपकिरी शंखावर गडद उभे पट्टे, टोकदार शेंडा आणि 8 ते 10 सेंटीमीटर लांबी, ही तिची खूण.

औषध टाकण्याआधी शंखाचा पीळ जरूर पाहा. शेंडा वर आणि तोंड आपल्याकडे धरलं की या गोगलगायीच्या शंखाचं तोंड उजव्या हाताला येतं. सह्याद्रीच्या पट्ट्यात आरिओफँटा वंशातल्या देशी गोगलगायी दिसतात, त्यांच्यापैकी अनेकींचं तोंड डावीकडे असतं. त्यांना मारायचं काही कारण नाही.

गोगलगाय हा किडा नव्हे. ती मृदुकाय, म्हणजे कोकणातल्या कालवा-तिसऱ्यांच्या गोतावळ्यातली. औषधाच्या दुकानात ही एक गोष्ट लक्षात राहिली तरी निम्मे पैसे वाचतात. अळीची वाढ कात टाकत होते, म्हणून कात अडवणारी औषधं अळीवर चालतात. गोगलगाय कात टाकतच नाही. तिचा शंख चुन्याचा, तो कडेकडेने वाढत जातो.

प्रत्येक गोगलगाय नर आणि मादी दोन्ही असते, पण अंडी घालायला साधारणपणे जोडीदार लागतो. एकदा मिलन झालं की शुक्राणू वर्षभराहून जास्त काळ शरीरात साठवून ती पुढे अंडी घालत राहू शकते. एका खेपेला साधारण 100 ते 400 अंडी, साबुदाण्यासारखी, फिकट पिवळसर. ती ओलसर मातीत थोड्या खोलीवर किंवा पालापाचोळ्याखाली असतात. ऊब आणि ओलावा असेल तर एक ते तीन आठवड्यांत पिल्लं बाहेर पडतात. ती आधी स्वतःच्या अंड्यांची टरफलं खातात, काही दिवस मातीतच राहतात आणि मग वर येतात.

यातून औषधाच्या वेळापत्रकाला लागणारी पहिली गोष्ट मिळते. अंडं काही खात नाही, त्यामुळे आमिषाच्या दाण्यांचा, म्हणजे गोगलगायीने खावेत म्हणून टाकायच्या औषधी दाण्यांचा, त्याच्यावर परिणाम होत नाही. पहिल्या खेपेला तुम्ही सगळ्या मोठ्या गोगलगायी मारल्या, तरी तीन आठवड्यांनी दुसरी फौज वर येणार.

कीटकनाशकाचा फवारा का फसतो

पहिलं कारण अगदी साधं. फवारणी दिवसा होते, गोगलगाय रात्री चरते. दिवसा ती बांधाच्या दगडाखाली, ढेकळाखाली किंवा मातीत शिरलेली असते. फवारा पानावर पडतो, तिच्यावर पडत नाही.

दुसरं कारण तिच्या कातडीत आहे. तिच्या पूर्ण अंगावर चिकट स्रावाचा थर असतो आणि त्रासदायक काही लागलं की ती आणखी स्राव सोडून ते धुऊन टाकते. तेवढ्याने भागलं नाही तर ती शंखात शिरते आणि तोंडावर स्रावाचा पडदा ओढून घेते. मेली असं आपल्याला वाटतं ते तेव्हा.

तिसरं कारण नसांमधलं. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी सेंद्रिय फॉस्फरस औषधं आणि कार्बामेट गटातली औषधं एका विकराला, म्हणजे एंझाइमला, निकामी करतात. नसेने स्नायूला दिलेला निरोप पोचल्यावर पुसून टाकायचं काम या विकराचं. तो बंद पडला की निरोप थांबत नाही, स्नायू आखडतात आणि किडा तडफडून मरतो. गोगलगायीतही हा विकर असतो आणि तोही दबतो. ती सुस्त होते, पाय सुजल्यासारखा बाहेर राहतो किंवा ती आत ओढून बसते, खाणं थांबतं. पण शेतात फवाऱ्यातून मिळते तेवढ्या मात्रेला ती सहसा मरत नाही. काही दिवसांत विकर पुन्हा तयार होऊ लागतो आणि ती पुन्हा चरायला लागते.

अशी बचावलेली गोगलगाय बिनधोक असते असं मात्र नाही. औषधांचे आणि तांब्यासारख्या धातूंचे अंश तिच्या पाचकग्रंथीत साठतात. ही ग्रंथी शंखाच्या शेंड्याकडच्या वेटोळ्यात असते. भारद्वाज पक्षी शंख फोडून गोगलगाय खातो तेव्हा हा ऐवजही त्याच्या पोटात जातो.

कीटकनाशकाचा सगळ्यात मोठा तोटा मात्र गोगलगायीच्या शत्रूंना होतो. जमिनीवर फिरणारे शिकारी भुंगे आणि काजव्याच्या अळ्या गोगलगायींवर जगतात. काजव्याची अळी गोगलगायीला चावून सुन्न करते आणि मग आरामात खाते. हे दोघेही कीटकच, त्यामुळे कीटकनाशकाला लगेच बळी पडतात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी 2015 मध्ये सोयाबीनवरच याचा हिशेब मांडला. बियाण्याला थायामेथोक्झाम हे कीटकनाशक लावलेलं होतं. बिनशंखाच्या गोगलगायींनी ती रोपं खाल्ली, त्यांना काही झालं नाही. पण त्या गोगलगायी ज्या भुंग्यांनी खाल्ल्या त्यांच्यापैकी 60 टक्क्यांहून अधिक लुळे पडले किंवा मेले. शेतातल्या चाचणीत शिकारी भुंगे घटले, गोगलगायी वाढल्या, रोपांची संख्या 19 टक्क्यांनी आणि उत्पन्न 5 टक्क्यांनी उतरलं.

आपल्याकडे खोडमाशीसाठी सोयाबीनला हीच बीजप्रक्रिया करतात. खोडमाशीचा त्रास असेल तिथे ती करावी, त्यात दुमत नाही. पण ‘बियाण्याला औषध लावलंय, गोगलगाय येणार नाही’ हा समज सोडून द्या.

मेटाल्डिहाइड: पाणी काढून घेणारं औषध

गोगलगायीसाठी आपल्याकडे सर्वाधिक वापरलं जातं ते 2.5 टक्के मेटाल्डिहाइडचं दाणेदार आमिष. दाण्यात कोंड्यासारखा खाण्याचा भाग असतो, त्याच्या ओढीने ती येते, खाते किंवा अंगाने घासून जाते.

आत गेलेलं औषध स्राव तयार करणाऱ्या पेशींवर घाव घालतं. या पेशी फुगतात, फुटतात आणि गोगलगाय अंगातलं पाणी स्रावाच्या रूपाने बाहेर टाकत सुटते. त्याच वेळी नसांवर परिणाम होऊन ती लुळी पडते. औषध खाल्लेली गोगलगाय ओळखायची ती यावरून: भोवती स्रावाचं थारोळं, अंग शंखाबाहेर सैल पडलेलं, शंखात परत जायची ताकद नाही. मरण येतं ते बहुतेक वेळा शरीर सुकून.

या औषधाचं यश आणि अपयश दोन्ही इथेच ठरतं. लुळी पडलेली गोगलगाय सकाळच्या उन्हात सापडली तर काही तासांत सुकून मरते. दिवसभर झड लागली, आभाळ भरून राहिलं, तर ती ओल्या मातीतून पाणी शोषून घेते, एक-दोन दिवसांत सावरते आणि चालू लागते. दाणे तेच, मात्रा तीच, पण एका शेतात खच पडतो आणि शेजारच्या शेतात काहीच नाही. दोष बऱ्याचदा औषधाचा नसतो, हवामानाचा असतो.

म्हणून मेटाल्डिहाइडला हवी असते ती ओली रात्र आणि त्यामागून कोरडा दिवस. पाऊस पडून गेलाय, माती ओली आहे आणि उद्या उघडीप दिसतेय, अशा संध्याकाळी सूर्य मावळल्यावर दाणे टाका. कोरड्या मातीवर टाकू नका, कारण कोरड्या रात्री ती बाहेरच पडत नाही. मुसळधार पावसाच्या तोंडावरही नको: दाणे फुटतात, आणि मेटाल्डिहाइड मातीच्या कणांना धरून बसत नसल्याने पाण्याबरोबर ओढ्या-विहिरीकडे निघतं. ब्रिटनमध्ये मार्च 2022 अखेरपासून शेतात आणि बागेत त्याचा वापर बंद झाला. पक्षी आणि सस्तन प्राण्यांना असलेला धोका हे त्यामागचं कारण होतं.

हवामान साथ देणार नसेल तर एक काम आपण करू शकतो. दुसऱ्या दिवशी उजाडताच लुळ्या पडलेल्या गोगलगायी वेचून घ्या. सावरायला वेळच द्यायचा नाही. दाणे टाकून घरी बसणाऱ्याला आणि सकाळी तासभर बादली घेऊन फिरणाऱ्याला मिळणाऱ्या निकालात केवढा तरी फरक पडतो.

जास्त औषध म्हणजे जास्त मर, हा हिशेब इथे उलटा पडतो. दाण्यातलं औषध वाढलं की गोगलगायीला ते लवकर जाणवतं, थोडं खाऊन ती थांबते आणि मरण्याइतकी मात्रा पोटात जाण्याआधीच सुस्त होते. दाण्यांवर वरून आणखी कीटकनाशक चोळण्याचा जो उद्योग काही ठिकाणी होतो तो याच कारणाने वाया जातो. शिवाय ते दाणे हाताळणाऱ्याच्या जिवाला धोका वाढतो तो वेगळाच.

फेरिक फॉस्फेट: हळू पण पावसाला न घाबरणारं

दुसरा पर्याय लोहयुक्त दाण्यांचा. फेरिक फॉस्फेट पोटातून काम करतं. खाल्ल्यावर लोह पाचकग्रंथीच्या आणि अन्नमार्गाच्या पेशींना इजा करतं, गोगलगाय लवकरच खाणं सोडते आणि तीन ते सहा दिवसांत मरते. सुकवून मारण्याशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे ढगाळ, रिपरिप हवेत ते मेटाल्डिहाइडपेक्षा भरवशाचं. कुत्र्या-मांजरांना, कोंबड्यांना धोकाही बराच कमी.

त्याची अडचण मानसिक आहे. आजारी गोगलगाय लपायला जाते आणि मातीत, दगडाखाली मरते. सकाळी शेतात खच पडलेला दिसत नाही. मग शेतकरी म्हणतो औषध बोगस आहे आणि चौथ्या दिवशी दुसरं काहीतरी आणतो. फेरिक फॉस्फेटचा निकाल मेलेल्या गोगलगायींवरून काढायचा नसतो, नव्याने खुडलेल्या रोपांवरून काढायचा असतो. टाकलं त्या संध्याकाळी दहा ठिकाणी एक-एक मीटर ओळ काठीने खूण करून ठेवा, त्यातली धड रोपं मोजा, आणि चौथ्या व सातव्या दिवशी पुन्हा मोजा.

मोजमाप

मेटाल्डिहाइड 2.5 टक्के दाण्यांची रूढ मात्रा एकरी 2 किलो. एकरात 40 गुंठे, म्हणजे गुंठ्याला 50 ग्रॅम. आणखी बारकाईने पाहिलं तर दर चौरस मीटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे मोजके काही दाणे. जमिनीवर पाहिलं की फारच विरळ वाटतं आणि हात आपोआप सैल सुटतो. म्हणून आधी 50 ग्रॅम वजन करून एका डब्यात घ्या, डब्यावर रेघ मारा, आणि एक गुंठा आखून तेवढ्यातच तो डबा संपवून पाहा. एकदा हाताला अंदाज आला की पुढचं सोपं.

दाणे पसरायचे, ढीग करायचे नाहीत. ढिगाशी पोचलेली गोगलगाय खाते, पण उरलेलं शेत मोकळं राहतं. आणि कुत्र्याला एकाच जागी मूठभर विष सापडतं.

गोगलगायी बहुधा बांधाकडून शिरतात. शिरकाव नुकताच झाला असेल तर पूर्ण एकरात टाकायची गरज नसते. चौकोनी एकराची बाजू साधारण 64 मीटर. चारी बाजूंनी 2 मीटरचा पट्टा धरला तर क्षेत्र होतं जवळपास 5 गुंठे, त्याला 250 ग्रॅम पुरे. एकराचे 2 किलो त्या पट्ट्यात ओतले तर मात्रा आठपट होते. ही चूक नेहमी दिसते. फेरिक फॉस्फेटचं प्रमाण वेष्टनावर दिलेलं असतं, तेच धरा. गुंठ्याचा हिशेब मात्र याच पद्धतीने काढा.

विहीर, ओढा, शेततळं यांच्या काठाचे 10 मीटर मोकळे सोडा. पालक, मेथी, कोथिंबीर, कोबी अशा पिकांच्या पानांत दाणे अडकतील अशा रीतीने कधीही फेकू नका.

कधी: तिचं वर्ष आणि आपलं वर्ष

उन्हाळ्यात गोगलगाय मातीत शिरते, शंखाच्या तोंडावर सुकलेल्या स्रावाचा कडक पडदा लावते आणि महिनोन्महिने झोपते. श्वास, ठोके, सगळं मंद. त्या काळात ती काही खात नाही, म्हणून एप्रिल-मेमध्ये टाकलेले दाणे निव्वळ वाया. तेव्हा नांगर काम करतो: खोल नांगरट केली की झोपलेल्या गोगलगायी आणि राहिलेली अंडी वर येतात, ऊन आणि पक्षी बाकीचं पाहतात. बांधावरचं गवत, दगडांचे ढीग, जुनं भुसकट याच काळात हलवा. हेच काम पीक उगवल्यावर केलंत, किंवा बांधावर तणनाशक मारून तिथलं हिरवं जाळून टाकलंत, तर तिथल्या गोगलगायी जवळच्या हिरव्याकडे निघतात. जवळचं हिरवं म्हणजे तुमचं सोयाबीन.

खरी वेळ पहिल्या मोठ्या पावसानंतरची. पडदा फोडून बाहेर आलेली गोगलगाय भुकेली असते, कारण झोपेत तिचं बरंच वजन घटलेलं असतं. पेरणी झालेली नाही किंवा उगवण व्हायची आहे, शेत उघडं आहे, खायला दुसरं काही नाही. या दोन-चार रात्रींत आमिषाला जी ओढ असते ती पुन्हा मिळत नाही. कोवळी रोपं वर आल्यावर दाण्यांना चव असलेला प्रतिस्पर्धी तयार होतो. बहुतेक जण नुकसान दिसल्यावर दाणे टाकतात, म्हणजे नेमकी ही संधी गेल्यावर.

दुसरी फेरी साधारण तीन आठवड्यांनी, पिल्लांसाठी. पिल्लं लहान म्हणून सोडून देऊ नका. मोठ्या गोगलगायी कुजकं, सडकंही खातात. लहान आणि मध्यम गोगलगायींचा ओढा कोवळ्या रोपांकडे जास्त असतो. सोयाबीनला खरा धोका उगवणीपासून पहिले 20 ते 25 दिवस. खोड टणक झालं की नुकसान पानांपुरतं राहतं आणि झाड ते सोसतं. तेव्हा पुढे दाण्यांवर खर्च करू नका, वेचणी करा.

वेचणीसाठी 10 लिटर पाण्यात 1 किलो गूळ विरघळवून त्यात गोणपाटं भिजवा आणि सूर्य मावळताना शेतात 7-8 फुटांवर अंथरा. सकाळी उन्हं वर यायच्या आत गोणपाट उलटा. खाली जमलेल्या गोगलगायी वेचा. किती आहेत हे मोजायचं असेल तर दिवसा मोजू नका: रात्री नऊच्या पुढे, बॅटरी घेऊन, पाच जागी एकेक चौरस मीटरची चौकट टाकून मोजा आणि सरासरी काढा. औषधाआधी एकदा, नंतर सातव्या दिवशी एकदा. हा आकडा नसेल तर औषध चाललं की पावसाने उघडीप दिल्याने गोगलगायी लपल्या, हे कळायला मार्ग नाही.

बादलीतली चाचणी

औषध खरं आहे का आणि तुमच्या हवेत ते चालतं का, हे एकरभर टाकण्याआधी चार बादल्यांत पाहता येतं.

1. झाकणाऐवजी मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधता येईल अशा चार बादल्या घ्या. तळाशी 5 सेंटीमीटर ओलसर माती. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी सुटू नये.
2. हातमोजे घालून 3-4 सेंटीमीटर शंखाच्या 40 गोगलगायी गोळा करा. आकार सारखा हवा. लहानमोठ्या मिसळल्या तर निकाल फसवा येतो. त्यांना एक दिवस उपाशी ठेवा आणि मग प्रत्येक बादलीत 10 सोडा.
3. पहिल्या बादलीत फक्त कोबीचं पान. दुसरीत फक्त औषधाचे 8-10 दाणे. तिसरीत दाणे आणि पान दोन्ही. चौथीत दाणे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून दर चार तासांनी पाण्याचा हलका शिडकावा.
4. बादल्या सावलीत ठेवा. 1, 2, 3 आणि 7 व्या दिवशी मेलेल्या मोजा.

मेली कशी ओळखायची? पायाला काडीने टोचा. आक्रसली तर जिवंत. शंखात पूर्ण आत असेल तर लगेच मेली म्हणू नका. कोमट पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा आणि पुन्हा पाहा. सडका वास आणि शंखातून गळणारा द्रव असेल तर शंका उरत नाही.

पहिल्या बादलीतही एखादी मरतेच, ती वजा करावी लागते. समजा साध्या बादलीत 10 पैकी 1 मेली आणि औषधाच्या बादलीत 7. औषधाची खरी मर 70 टक्के नाही. 70 मधून 10 वजा केले 60, त्याला 100 वजा 10 म्हणजे 90 ने भागलं, तर आले सुमारे 67 टक्के. साध्या बादलीतच दोनपेक्षा जास्त मेल्या तर चाचणी रद्द करा. गोगलगायी आधीच आजारी किंवा माती वाईट.

दुसऱ्या आणि तिसऱ्या बादलीत मोठा फरक दिसला तर कळलं, की हिरवं असताना आमिष मागे पडतंय. दुसरीत मर भरपूर आणि चौथीत निम्मी असेल तर औषध ठीक आहे, पण झडीच्या दिवसांत ते सकाळच्या वेचणीशिवाय टाकू नका. प्रयोगशाळांतही जमिनीवरच्या गोगलगायींवर औषधं आणि धातू असेच तपासतात. तिथे कोवळ्या गोगलगायींची 28 दिवसांची वाढ मोजण्याची आंतरराष्ट्रीय प्रमाण पद्धत ठरलेली आहे, कारण न मरता वाढ खुंटणं हाही विषाचाच परिणाम असतो.

चुना, मीठ, मोरचूद

बांधाच्या कडेने कोरड्या चुन्याचा 10 सेंटीमीटर रुंद पट्टा गोगलगायीला अडवतो, कारण तो तिच्या पायाचं पाणी शोषतो. एक सर पडली की हा गुण संपतो. भिजलेला चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून खडू होतो, आणि खडू म्हणजे शंखाचा आणि अंड्याच्या टरफलाचा कच्चा माल. मराठवाड्यातल्या चुनखडीच्या जमिनीत तिला त्याची मुळातच वाण नाही. तेव्हा चुना उघडिपीत, रोपवाटिकेभोवती. जुलैच्या झडीत एकरभर चुना ओढणं म्हणजे तिची सोय करणं.

मीठ शेतात कधीच नको. वेचलेल्या गोगलगायी मारायला मात्र उत्तम: 1 लिटर पाण्यात 200 ग्रॅम मीठ. ते पाणी नंतर शेतात न ओतता खड्ड्यात टाका.

तांबं गोगलगायीला सहन होत नाही, तिचा पाय तांबं लागलेल्या जागेवरून मागे फिरतो. संत्रा-मोसंबीच्या खोडाला बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुन्याचा लेप, लावली की गोगलगायी वर चढायला कचरतात, ती बुरशीसाठी लावायचीच असते. पण तांबं जमिनीतून जात नाही, साठत राहतं आणि गांडुळांना बाधतं. खोडाला लावा, जमिनीवर मोरचूद फवारू नका.

गूळ, कोंडा आणि मेथोमिल हे कीटकनाशक यांचं आमिष पूर्वी सर्रास सांगितलं जायचं. केंद्राच्या 2023 च्या आदेशाने मेथोमिलवर बंदी आली आहे. कोणाच्या घरात जुना पुडा पडलेला असेल तर तो वापरू नये. गुळाच्या वासाने त्यावर गुरं आणि कुत्री गोगलगायीच्या आधी पोचतात.

हात, कुत्रा आणि उरलेली पिशवी

गोगलगाय उघड्या हाताने उचलू नका. उंदरांच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका जंताच्या अळ्या तिच्या अंगात असू शकतात आणि त्या माणसाच्या पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज येते. हातमोजे नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळा. वेचणीला मुलांना पाठवू नका. जिथे गोगलगायी फिरल्या तिथली भाजी कच्ची खायची असेल तर पान न पान वाहत्या पाण्यात धुवा.

मेटाल्डिहाइडचे दाणे कोंड्याचे असतात, त्यामुळे कुत्र्याला आणि कोंबड्यांना ते खाद्यच वाटतं. कुत्र्याने खाल्लं तर एक ते तीन तासांत थरथर, लाळ, ताप आणि मग झटके येतात. त्यावर नेमका उतारा नाही, लक्षणांवर उपचार करावे लागतात. घरगुती उपाय करत बसू नका, दाण्यांची पिशवी बरोबर घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे जा. पिशवी पाहिली की डॉक्टरांना काय गेलंय ते कळतं आणि वेळ वाचतो. दाणे टाकल्यावर आठवडाभर कोंबड्या कोंडून ठेवा आणि बांधावर गुरं सोडू नका.

वेचून मारलेल्या गोगलगायी बांधावर फेकू नका. औषध खाल्लेली मेलेली गोगलगाय भारद्वाजाच्या पोटात गेली तर तोही संकटात. दोन-तीन फूट खोल खड्डा घेऊन त्यात टाका, वर चुना भुरभुरा आणि मातीने दाबून बंद करा. खड्डा विहिरीपासून लांब असावा.

उरलेले दाणे मूळ पिशवीतच, तोंड बांधून, कोरड्या जागी, कुलपात. ओल लागलेले दाणे बुरशी येऊन एकमेकांना चिकटतात आणि मग गोगलगायीही त्यांना तोंड लावत नाही. पुढच्या जूनमध्ये ती पिशवी उघडाल तेव्हा एकरात टाकण्याआधी एक बादली भरा.